जुन्या स्वयंपाकघराचे अल्पखर्चातील नूतनीकरण : छत्रपती संभाजीनगरातील सिडको वसाहतींच्या संदर्भात

प्रस्तावना

१९७० साली स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजेच सिडकोने, त्याच दशकात तत्कालीन औरंगाबादच्या जुन्या शहराबाहेर नव्या वसाहतींची आखणी हाती घेतली. एन-१ ते एन-१३ अशा क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतींत कारखान्यांतील कामगार, शासकीय कर्मचारी, शिक्षक व प्राध्यापक यांची हजारो कुटुंबे स्थिरावली. २००६ साली या वसाहती महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाल्या आणि २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. या काळात घरांचे दर्शनी रूप पुष्कळ बदलले. बैठ्या घरांवर मजले चढले, पुढे दुकाने निघाली, अंगणात वाहने उभी राहिली. मात्र अनेक घरांतील स्वयंपाकघर आजही मूळ बांधकामाच्या वेळचेच आहे. शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, ओट्याखाली सिलिंडर व धान्याच्या कोठ्या, कोपऱ्यात मोरी, वर सामानाने ओसंडणारा माळा आणि भिंतीवर पोलादी मांडणी असे त्याचे सर्वसाधारण वर्णन करता येईल.

हे स्वयंपाकघर बदलावे असे घरातील स्त्रीला वाटत असते. निवृत्तीची रक्कम, पतसंस्थेचे कर्ज किंवा वेतन आयोगाची थकबाकी हाती येते तेव्हा तो विषय निघतो आणि सामान्यतः 'मॉड्युलर किचन'च्या दालनात जाऊन संपतो. तेथे रंग, कपाटांची दारे व हँडल यांची निवड होते. ओट्याची उंची मात्र कोणी विचारत नाही. परिणामी सर्वाधिक पैसा डोळ्यांना दिसणाऱ्या भागावर खर्च होतो आणि ज्या गोष्टींमुळे रोजचे श्रम वाढतात त्या तशाच राहतात. पाणी, हवा, उंची आणि वीज यांवर आधी व कपाटांच्या दारांवर शेवटी खर्च केल्यास मर्यादित रकमेतही जुने स्वयंपाकघर खऱ्या अर्थाने सुधारता येते. हा क्रम का असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाणी : त्रिकोणातील चौथा बिंदू

स्वयंपाकघराच्या शास्त्रीय रचनेचा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप व अमेरिकेत रुजला. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफुर्ट शहरातील कामगारवस्तीसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले. स्त्रीची पावले वाचावीत म्हणून प्रत्येक डबा, फळी व खण यांची जागा त्यात ठरविलेली होती. पुढे अमेरिकेत शेगडी, सिंक आणि शीतकपाट यांना जोडणाऱ्या 'कार्यत्रिकोणा'ची कल्पना मांडली गेली. या त्रिकोणाच्या तीन बाजूंची बेरीज साधारण १२ ते २६ फूट असावी, असे गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आजही शिकविले जाते.

या कल्पनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तोटी फिरवली की पाणी येते. संभाजीनगरात हे गृहीतक टिकत नाही. शहराला सुमारे ५० किलोमीटर अंतरावरील पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते. हे धरण १९७६ साली पूर्ण झाले. धरण भरलेले असतानाही जलवाहिन्यांची अपुरी क्षमता व शहराची वाढ यांमुळे गेल्या दशकात अनेक वसाहतींना चार-पाच दिवसांआड, तर उन्हाळ्यात कधी आठवड्याहून अधिक अंतराने पाणी मिळाले आहे. नव्या मोठ्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. परंतु घरातील व्यवस्था ठरविताना भावी योजनेपेक्षा आजचा अनुभव प्रमाण मानणे शहाणपणाचे ठरते. मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीला नहरींचे पाणी मिळत होते. त्याच शहरात आज पाण्याचे पिंप हा स्वयंपाकघरातील कायमचा सदस्य आहे.

शहरी घरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाण्याचे जे प्रमाण धरले जाते, त्यात पिण्यासाठी ५, स्वयंपाकासाठी ५ आणि भांडी घासण्यासाठी १० लिटर अशी विभागणी असते. म्हणजे एकट्या स्वयंपाकघराची गरज दरडोई २० लिटर होते. चार माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ८० आणि पाच दिवसांच्या अंतरासाठी ४०० लिटर पाणी साठवावे लागते. हे अंतर आठ दिवसांवर गेले तर ६४० लिटर लागतील. एवढे पाणी हंडे, कळश्या व बादल्या यांत भरून ओट्याखाली ठेवायचे, तर ओट्याखाली दुसरे काहीच मावत नाही. आणि तेथून ते वाकून काढण्याचे काम दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावे लागते. कार्यत्रिकोणाचा चौथा बिंदू पाण्याचा साठा आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय येथील कोणतेही नूतनीकरण पुरे होत नाही.

म्हणून पहिला खर्च पाण्याच्या जोडणीवर करावा. बहुतेक घरांत जमिनीखाली हौद व गच्चीवर टाकी असते, पण गच्चीवरील टाकीची वाहिनी केवळ स्नानगृहापर्यंत आलेली असते. ती सिंकपर्यंत आणली, की भांडी घासण्याचे पाणी, म्हणजे स्वयंपाकघराच्या गरजेचा अर्धा भाग, पिंपातून उपसावा लागत नाही. उरलेले पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी, पाच दिवसांचे सुमारे २०० लिटर, झाकणाच्या व तळाशी तोटी असलेल्या पिंपात ठेवता येते. पिंप वीटकामाच्या फूटभर उंच चौथऱ्यावर बसविल्यास तोटीखाली कळशी सहज राहते. हे पिंप माळ्यावर चढविण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. २०० लिटर पाण्याचे वजन २०० किलो होते आणि जुन्या घरांतील पातळ माळे डबे व पातेली ठेवण्यासाठी केलेले असतात. साठ्याच्या प्रत्येक भांड्याला घट्ट झाकण हवे, तसेच ते आठवड्यातून एकदा रिकामे करून घासले पाहिजे. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याची ही शिस्त त्याचे चक्र तोडते.

जलशुद्धीकरण यंत्राविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. 'आर.ओ.' पद्धतीचे यंत्र शुद्ध पाण्याच्या दुपटी-तिपटीने पाणी बाहेर टाकू शकते. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचे शुद्ध केलेले पाणी या मर्यादेत असेल, तर साधे गाळणयंत्र व अतिनील किरणांची सोय पुरते. बोअरचे क्षारयुक्त पाणी प्यावे लागत असेल तेथेच 'आर.ओ.' घ्यावे व त्याचे बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशीसाठी वापरावे. तपासणीसाठी लागणारा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. तरीही यंत्र आधी येते व तपासणी कधीच होत नाही.

ओट्याची उंची आणि भाकरी

जुना ओटा बहुधा ३० इंच, म्हणजे सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा असतो. आधुनिक कपाटांसह येणारा ओटा ३४ इंचांचा, म्हणजे ८६ सेंटिमीटरच्या आसपास असतो. जुना ओटा 'ठेंगणा' म्हणून फोडला जातो. हा निर्णय घेण्यापूर्वी तेथे काम करणाऱ्या व्यक्तीचे माप घ्यावयास हवे.

भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. उभ्या स्थितीत कोपराची उंची शरीराच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के धरली, तर ती ९६ सेंटिमीटरच्या जवळ येते. भाजी चिरण्यासारख्या हलक्या कामाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. ज्या कामात अंगाचा भार द्यावा लागतो त्यासाठी पृष्ठभाग याहूनही खाली हवा. मराठवाड्यातील स्वयंपाकाचे मध्यवर्ती काम याच प्रकारात मोडते. ज्वारीचे पीठ तळहाताच्या टाचेने मळावे लागते, परातीत भाकरी थापावी लागते आणि दोन्ही वेळा खांद्यापासून जोर येतो. परातीचा काठ धरला तर यासाठी ७६ सेंटिमीटरचा जुना ओटाच योग्य ठरतो. उंच ओट्यावर भाकरी थापणाऱ्या स्त्रीचे खांदे सतत वर उचललेले राहतात. कणीक मळण्याचे यंत्र मिळते. भाकरीला अजून हातच लागतो.

शेगडीच्या बाबतीत हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. ओट्यावर ठेवलेली गॅसची शेगडी सुमारे १५ सेंटिमीटर उंच असते. ७६ सेंटिमीटरच्या ओट्यावर तवा ९१ सेंटिमीटरवर, म्हणजे कोपराच्या किंचित खाली येतो. तोच ओटा ८६ सेंटिमीटरचा केला की तवा १०१ सेंटिमीटरवर जातो आणि त्यावर पातेले ठेवले तर त्याचे तोंड छातीच्या पातळीला येते. उकळते वरण ढवळताना अथवा कुकर उतरविताना हात कोपरापेक्षा वर उचलावे लागणे हे थकव्याचे व भाजण्याचेही कारण आहे. महागड्या स्वयंपाकघरांत शेगडी ओट्यात खाली बसविलेली असते, त्यामुळे तेथे उंच ओटा चालतो. शेगडी जुनी ठेवून केवळ ओटा उंच करणे हा अर्धाच अनुकरणाचा प्रकार होय.

सिंकचे गणित याच्या उलट आहे. सिंकचा तळ ओट्यापेक्षा १८ ते २० सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे जुन्या ओट्यावर भांडी घासणारे हात जमिनीपासून ५६ ते ५८ सेंटिमीटरवर काम करतात आणि कंबर वाकते. कंबरदुखीची तक्रार बहुधा येथून सुरू होते. त्यामुळे संपूर्ण ओटा फोडण्याऐवजी केवळ सिंकचा भाग एक वीट चढवून ८ ते १० सेंटिमीटरने उंच करावा, शेगडीचा व भाकरीचा भाग तसाच ठेवावा आणि भाजी चिरण्यासाठी चार इंच उंचीचा मजबूत लाकडी पाट ओट्यावर ठेवावा. हा उपाय गवंड्याच्या दोन-तीन दिवसांच्या कामात होतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञान शाखेत शेतकरी स्त्रियांचे श्रम कमी करण्याविषयी दीर्घकाळ काम झाले आहे. शहरी स्वयंपाकघराकडेही त्याच दृष्टीने पाहिले गेले पाहिजे. घरात दोन पिढ्यांच्या स्त्रिया स्वयंपाक करीत असतील तर जी अधिक वेळ ओट्याशी असते तिचे माप धरावे. सासूबाईंसाठी निवडणे-सोलणे बसून करता येईल अशी एक खुर्ची व लहान टेबल ठेवावे.

कडप्पा टिकाऊ दगड आहे. त्याच्या कडा उडाल्या असतील तर घासून पुन्हा झिलई करता येते. ग्रॅनाइट दिसावयास चांगला असतो व डाग कमी धरतो, याविषयी वाद नाही. परंतु शाबूत कडप्पा काढून ग्रॅनाइट बसविणे ही अल्पखर्चाच्या यादीतील शेवटची बाब आहे.

हवा, उजेड आणि वीज

सिडकोच्या मूळ रचनेत स्वयंपाकघराची खिडकी सामान्यतः मागील मोकळ्या जागेत उघडत असे. कुटुंब वाढले तशी ती जागा पत्रे टाकून किंवा खोली बांधून झाकली गेली. आता अनेक घरांत ही खिडकी दुसऱ्या खोलीत उघडते. फोडणीचा खाट घरभर पसरतो, भिंती तेलकट होतात आणि दोष रंगाला दिला जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला बाहेरच्या हवेत उघडणारी किमान एक चौरस मीटरची खिडकी अपेक्षित आहे. ती आता शक्य नसेल, तर किमान एका बाहेरच्या भिंतीत वरच्या बाजूस हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. ८ बाय १० फुटांच्या व नऊ फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे २० घनमीटर हवा असते. स्वयंपाकाच्या वेळी ती तासाला पंधरा वेळा बदलावी असे धरले तरी ३०० घनमीटर क्षमतेचा साधा पंखा पुरतो. पंखा हवा बाहेर टाकतो तेव्हा तेवढीच हवा आत येण्यास समोरच्या बाजूस वाट हवी. दार-खिडक्या बंद करून लावलेला पंखा केवळ आवाज करतो. नळीशिवायच्या चिमण्या तेलाचे कण काही प्रमाणात धरतात, पण उष्णता व वायू पुन्हा खोलीतच सोडतात.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो फरशीलगत साचतो, म्हणून भिंतीच्या तळाशी जाळी लावलेले एक छिद्र बाहेर काढावे. सिलिंडर उभा आणि शेगडीच्या पातळीखाली असावा, तसेच ओट्याखालील जागा दारांनी पूर्ण बंद करू नये. गॅसचा वास आल्यास पंख्याचे बटण दाबू नये, हे घरातील सर्वांना ठाऊक असले पाहिजे. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावयाची असते. नूतनीकरणाच्या खर्चात तिची किंमत कोणी लिहीत नाही, इतकी ती लहान आहे.

जुन्या घरांतील विजेची तार एका दिव्यासाठी व फार तर मिक्सरसाठी टाकलेली होती. आज त्याच तारेवर शीतकपाट, मिक्सर, जलशुद्धीकरण यंत्र व कधी इंडक्शन शेगडी चालते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते, तर जुने सॉकेट ५ अँपिअरचे असते. स्वयंपाकघरासाठी मुख्य फलकापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार, १६ अँपिअरची दोन सॉकेट, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारे सुरक्षा उपकरण बसवावे. ओल्या हातांनी जेथे काम चालते तेथे याला पर्याय नाही. दिव्यांबाबत एक साधी चूक सर्वत्र आढळते. खोलीच्या मध्यभागी एकच नळीदिवा असतो, त्यामुळे ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या व्यक्तीची सावली नेमकी विळीवर अथवा तव्यावर पडते. माळ्याच्या खालच्या कडेला लावलेली एक एलईडी पट्टी ही सावली नाहीशी करते.

साठवण : कोठी कोठे ठेवावी?

मराठवाड्यातील अनेक कुटुंबांत उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची पद्धत अद्याप टिकून आहे. ज्वारी, गहू व तूरडाळ यांच्या पोलादी कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, कुरडया-पापडांचे डबे, सणावाराची मोठी पातेली हे सामान सरकत्या खणांत मावत नाही. आधुनिक कपाटे आठवड्याच्या खरेदीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी योजलेली असतात. म्हणून कपाट करण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठ्या पाच वस्तूंची मापे घ्यावीत आणि त्यांच्या जागा आधी ठरवाव्यात. रोज लागणाऱ्या वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात, आठवड्यातून लागणाऱ्या त्याखाली आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या माळ्यावर, असा साधा नियम पुरतो. ही फेरमांडणी करताना निम्मा माळा रिकामा होतो, असा अनुभव अनेक घरांत येतो.

सिंकखालील भाग उघडाच ठेवावा, कारण तेथील गळती लपली की सुटत नाही. इतरत्र दारे हवीच असतील तर पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारे बैठ्या घरांतील वाळवीला दाद देत नाहीत. प्लायवूड घ्यावयाचे झाल्यास उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या प्रतीचे आणि मानक चिन्ह असलेले घ्यावे. भुशाच्या दाबलेल्या फळ्या स्वस्त पडतात, पण एकदा पाणी लागले की फुगतात. कडप्प्याच्या जुन्या फळ्यांना यांपैकी कोणतीच व्याधी नसते. त्यांना पुढून साधा पडदा लावला तरी धूळ अडते.

खर्चाचा व कामाचा क्रम

उदाहरणादाखल एखाद्या कुटुंबाने ६० हजार रुपयांची मर्यादा ठरविली आहे असे मानू. त्यातील सुमारे एक तृतीयांश रक्कम पाण्याची वाहिनी, सांडपाण्याचा मार्ग, सिंक व पिंपाचा चौथरा यांसाठी राखावी. वीज, पंखा व दिवे यांसाठी १२ हजारांच्या आसपास, तर सिंकचा उंच भाग, ओट्याची झिलई व त्यामागील दोन फूट उंचीच्या टाइल्स यांसाठी तितकीच रक्कम धरावी. उरलेल्यात रंग आणि काही दारे येतील. दर वसाहतीगणिक व मिस्तरीगणिक बदलतात, म्हणून रकमांपेक्षा त्यांचे प्रमाण महत्त्वाचे आहे. जुन्या भिंती उकरल्यावर गंजलेली नळी अथवा ओल हटकून सापडते. त्यासाठी दहावा हिस्सा बाजूला काढून मगच ही विभागणी करावी. ज्या घरांचे छत भिंतींवर पेललेले आहे तेथे स्वयंपाकघर व बैठक यांमधील भिंत 'मोकळेपणासाठी' पाडू नये. कंत्राटदार होकार देतो म्हणून भिंतीचे काम बदलत नाही.

कामांचा क्रमही खर्च वाचवितो. प्रथम नळ व वीज, नंतर गवंडीकाम, मग टाइल्स, रंग आणि अखेरीस सुतार. हा क्रम मोडला की नव्या टाइल्स फोडून तार टाकावी लागते. सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, त्यामुळे उन्हाळ्याच्या पाणीटंचाईत ते काढणे चुकीचे ठरते. शिवाय तेव्हा धान्य भरण्याची व वाळवणाची धांदल असते. दिवाळीपूर्वी कारागीर मिळत नाहीत. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस अधिक सोयीचे असतात, कारण धरणात पाणी असते आणि मिस्तरी मोकळे झालेले असतात. या काळात तात्पुरता स्वयंपाक बैठकीत किंवा व्हरांड्यात करावा लागतो. तेथेही सिलिंडर जमिनीवर उभा व शेगडी टेबलावर असावी, पडद्यांपासून अंतर राखावे आणि २०० लिटरचे पिंप काम सुरू होण्याच्या आदल्या पाणीवारी तेथे हलवून मग भरून ठेवावे. भरलेले पिंप नंतर हलत नाही, म्हणून त्याची जागा आधी ठरवून मगच ते भरावे.